टेकडीवरचा तास

तल्हाया, १२ नोव्हेंबर

मीनतूच्या पापास,

तुझे निरोप मिळाले, सगळे. बोलून उत्तर देत नाही म्हणून रागावू नकोस. आपला फोन टेकडीवर चढल्याशिवाय बोलत नाही, आणि तो चढला की त्याच्यामागे सगळ्या तांड्याचे कान चढतात. परवा तुझा आवाज ऐकत बसले होते, तर दोघी जणी वाळूत सरपण शोधत शोधत माझ्या मांडीपर्यंत आल्या. त्या टेकडीवर काडी तरी उगवते का? म्हणून हा कागद. बेशीरची गाडी नवाकशोतला जाईल, तिथे तुझी बहीण याचा फोटो काढून तुला समुद्रापलीकडे लास पाल्मासला पाठवेल. तिनेही वाचला तर वाचू दे.

बाबा काय म्हणाले, हे तू प्रत्येक निरोपात विचारतोस. काही म्हणाले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या जशाच्या तशा लिहून पाठवल्या असत्या आणि आपण दोघं मोकळे झालो असतो.

तुझ्या बाजूने काय दिसलं ते मला माहीत नाही. इकडून दिसलं ते सांगते. परदेशात वाढणाऱ्या आपल्या पोरांना शेखकडून शिकवणारी ती तुझी संस्था, तिला तास हवा होता, ठरल्या वेळी, सगळ्या पोरांचा एकत्र. त्या वेळी इकडे ऊन डोक्यावर असतं. बेशीरच्या गाडीतून बाबांना टेकडीवर चढवलं, चटई घातली, छत्री रोवली, फोन पाण्याच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर पोरांची तोंडं चौकटींत बसवलेली, हाताची घडी, तोंडावर बोट. बाबा म्हणाले, "एवढी पोरं आणि पाटी एकच?" मी म्हटलं, "हो बाबा, आज सगळ्यांना एकच ओळ." ते हसले आणि शिकवू लागले. मी मागे लांब बसले, कॅमेऱ्यात यायला नको म्हणून. एका ओळीवर सांगता सांगता बाबा थांबले, नेहमी थांबतात तसे. तेवढ्यात सगळ्या चौकटी नाहीशा झाल्या आणि एकच तोंड आलं. तुझं. मोठ्ठं, उघडं, डोक्याला पगडी नाही, आणि तोंडात पाव. "शेख, वेळ संपत आली, आता पुढच्या मुलाकडे जाऊ या," असं तू चावत चावत म्हणालास.

लग्न झाल्यापासून तू माझ्या बापासमोर कधी उभा राहिला नाहीस. ते पुढून तंबूत आले की तू मागून बाहेर. त्यांनी तुझं तोंड पाहिलं नव्हतं असं नाही, पण पाहिल्याचं दोघांनीही कधी कबूल केलं नव्हतं. इतकी वर्षं जावयाची लाज कशी राखलीस! तांड्यातल्या बायका आपापल्या जावयांना तुझं उदाहरण द्यायच्या. आणि घालवलीस तीही कशी, सासऱ्यापुढे खात खात, त्याला बोलताना अडवून. तुमच्या संस्थेच्या बाईंना म्हणे कळलंच नाही की झालं काय. एक माणूस पाव खात 'पुढे चला' म्हणाला, यात काय मोठंसं, असं त्यांना वाटलं. त्यांना काय सांगणार?

बाबांनी पगडीचं टोक ओढून स्वतःचं तोंड झाकलं. तुझ्याऐवजी त्यांनी. मग उठले आणि गाडीची वाट न बघता टेकडी उतरून गेले. त्या दिवसापासून फोनला हात लावलेला नाही. तो चामड्याच्या पिशवीत घालून तंबूच्या खांबाला टांगून ठेवलाय, आणि मला काही ऐकायचं असलं की बाबा झोपल्यावर मी तो उतरवून घेते.

मी तुला सांगितलं होतं, तास नको म्हणून. आधी काय वाईट चाललं होतं? प्रत्येक पोराची पाटी वेगळी, ओळ वेगळी, महदऱ्यात, आपल्या तंबूतल्या शाळेत, असतं तसंच. मी सकाळी टेकडीवर जाऊन पोरांचे आवाज घेऊन यायची, बाबा शेळ्यांमागे चालता चालता एकेक ऐकायचे, एकेकाला उत्तर बोलायचे, उत्तरात शेळ्यांच्या घंटाही जायच्या. मग मी ती उत्तरं वर नेऊन सोडायची. अमेरिकेतला तो जाडा पोरगा महिनाभर एकाच ओळीत अडकला होता. कुणी त्याला हसलं नाही, कारण कुणाला ते माहीतच नव्हतं. पण संस्थेला ते शिकवणं वाटेना. हजेरी कुठाय? सगळे एका पानावर का नाहीत? घ्या आता, सगळे एका पानावर आहेत आणि पान कोरं आहे.

इतर पोरांचं राहू दे, त्यांना दुसरा शेख मिळेल. मीनतूचं काय? पणजोबांचं वाटांचं पद्य अख्खं येणारे बाबा शेवटचे. चुलत काकांच्या पेटीत कागद आहे, मला माहीत आहे, पण कागदावर नुसती विहिरींची नावं. कुठल्या विहिरीवर काय घडलं, कुठे कसं वागायचं, ते बाबांच्या तोंडात. आणि कागदावरून शिकलेल्याला आपल्यात विचारतं कोण? शेखच्या तोंडून घ्यायचं, शेखच्या कानात म्हणायचं, तो 'पाटी धू' म्हणाला की पुढची ओळ. मीनतू निम्म्यावर आली होती. पायाच्या ऑपरेशनसाठी म्हणून तू तिला घेऊन गेलास, मग शाळा लागली, मग कागदपत्रं अडकली. आता ती झोपेत कुठल्या भाषेत बडबडते तेही मला माहीत नाही. त्या पद्याचा तेवढा एक धागा होता.

बाबांची तब्येत बरी आहे.

तकबर

*

तल्हाया, ३ डिसेंबर

मीनतूच्या पापास,

'माझ्या वतीने माफी माग' म्हणतोस. कशी मागू ते पण सांग. माझ्या बापासमोर मी तुझं नाव घेऊ शकत नाही. 'मीनतूचे पापा' म्हटलं तरी मान खाली घालावी लागते. मीनतू लहान असताना त्यांच्यादेखत मी तिला मांडीवर घेतलं नाही, रडली तर दुसऱ्या कुणीतरी उचलायचं. ज्याचं नाव तोंडात घ्यायचं नाही त्याच्यासाठी रदबदली करायची, आणि तीही ज्याला तो विषय काढायचा नाही त्याच्याकडे! इकडे आड तिकडे विहीर, आणि पद्य मात्र सगळं विहिरींचंच.

म्हणून सल्काआत्याला बोलावलं. बाबांना चिडवायची हिंमत आता या जगात तिच्या एकटीत उरली आहे. आली, बसली, गुडघे दुखतात म्हणून सगळ्यांना ऐकवलं, आणि चहा ठेवल्यावर किटलीशीच बोलायला लागली.

"काय गं किटले, ऐकलंस का? म्हणे खाल्लं एकाने आणि अडकलं दुसऱ्याच्याच घशात!"

बाबा निखाऱ्यांवर फुंकर घालत होते. मान वर न करता म्हणाले, "किटलीला सांग, तिला तोंड दिलंय ते चहा ओतायला. चहाड्यांना नाही."

"किटली म्हणते, मोठ्यांचं जे काय असेल ते असो. लहान पोरीने काय घोडं मारलंय?"

"किटलीला पोरगी नाही."

"म्हणून तर विचारते बिचारी. जिला आहे ती बघ कशी तोंडात मलहफा कोंबून बसलीय."

ती मी. खरंच पदर चावत बसले होते. बाबांनी निखारे सारखे केले. मग म्हणाले, "पोरीला सांग, थांब म्हणावं."

"कुठवर थांबू?"

"साखर घाल, सल्का."

"अरे, घातलीस की. तूच घातलीस आत्ता."

तरी त्यांनी आणखी घातली. तिन्ही फेऱ्यांचा चहा पाकासारखा झाला होता. आत्या ग्लास खाली ठेवून म्हणाली, "दुःख गोड करून पाजतोस होय रे?" सगळे हसले, बाबाही हसले. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, पाहुण्यांना चहा दिलास का.

आत्याने जाताना माझा हात धरला. काहीतरी बोलणार होती, बोलली नाही. गुडघ्यांबद्दल बोलली.

'थांब' म्हणजे 'नाही' नव्हे, एवढंच तुला कळवते. मीनतूला सांग, आजोबांनी थांबायला सांगितलंय.

तकबर

*

तल्हाया, २० जानेवारी

मीनतूच्या पापास,

तिने थांबायचं कसं, ते संस्थेनेच सोडवलं म्हणायचं! मीनतूच्या निरोपातून कळलं. बाबांची जुनी उत्तरं कापून त्यांचे धडे केले. धड्याखाली प्रश्न, बरोबर आला की तारा. मीनतूला खूप तारे मिळाले आहेत. ती मला ते मोजून सांगत होती, अर्धं आपल्या बोलीत, अर्धं तिकडच्या. तिकडचं मला कळलं नाही, पण मी 'शाबास' म्हटलं.

तिने तुला हे सांगितलं का? खाऱ्या विहिरीच्या ओळीवर तिने फोनला विचारलं, "पण आजोबा, खारं पाणी होतं तर लोक तिथे थांबायचेच का?" आजोबा ऐकायला थांबले नाहीत, पुढच्या विहिरीवर निघून गेले. ती हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. मी तिथेच टेकडीवर बसून रडले, आणि सरपण शोधणाऱ्या दोघींना त्या दिवशी चांगला मोठा भारा मिळाला.

मग मी एक केलं. दुसऱ्या दिवशी दूध काढताना बाबांना विचारलं, "बाबा, खारं पाणी होतं तर लोक त्या विहिरीवर थांबायचे का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुला हे प्रश्न कधीपासून पडायला लागले? या ओळीला तर तू शेळ्या वळायच्या निमित्ताने पळून जायचीस."

"वय झालं, बाबा. आता पळवत नाही."

"पाणी उंटांसाठी," ते म्हणाले. "माणसं थांबायची ती तिथल्या म्हातारीसाठी. ती प्रत्येक वाटसरूला विचारायची, मागच्या विहिरीवर कोण भेटलं, कसं होतं. उत्तर देता आलं नाही तर दोर द्यायची नाही. म्हणायची, ज्याने माणसं बघितली नाहीत त्याला पाणी कशाला?"

मी ते जसंच्या तसं टेकडीवर जाऊन मीनतूला सांगितलं, माझ्या आवाजात. तिने ओळ म्हणून पाठवली. मागे नळाचा आवाज होता, भांडी घासत म्हणत होती. फळांच्या खोक्याची फळी घासून तू तिला पाटी करून दिलीस तेही सांगितलं. ते मला आवडलं, हेही लिहून टाकते, म्हणजे मी फक्त भांडतेच असं तुला वाटायला नको.

आता रोज असंच चाललंय. ती बसमध्ये म्हणते, जिन्यात म्हणते, एकदा तर न्हाणीघरात म्हणाली, आवाज घुमतो म्हणून. अडली की मला विचारते. मी ते बाबांना विचारते, जणू माझंच कुतूहल. उत्तर घेऊन वर चढते. तास नाही, हजेरी नाही, तारे नाहीत. बाबांना माहीत नाही असं मी समजत होते. परवा ते एका ओळीचं सांगून झाल्यावर म्हणाले, "आणि समजा, एखाद्याने समुद्र खूप बघितलाय पण वाळू विसरलाय, तर त्याला असं सांगायचं..." आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, लाटांचे दाखले देऊन. माझ्याकडे बघितलंही नाही. मीही नाही.

इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. एखाद्या ओळीला दोन दोन दिवस लागतात, बाबा मध्येच दुसरंच काही सांगू लागतात. पण घाई कुणाला आहे? पद्य पुरं होईल असं वाटतंय.

तकबर

*

तल्हाया, ९ मार्च

ऐक,

मीनतूने मला सांगितलं. तू सांगू नकोस म्हणाला होतास, तिला ओरडू नकोस. तिला वाटलं आईला सगळं माहीतच असतं.

ती म्हणाली, "आजोबा गप्प झाले ना, तेव्हा पापा कॅमेऱ्याच्या मागे उभे होते. आजोबा तेच तेच परत म्हणत होते आणि मग गप्प झाले. सगळी मुलं बघत होती. एक मुलगा हसला. मग पापाने माझ्या हातातला पाव घेतला, तोंडात घातला आणि पुढे जाऊन बसले. पापाने तर पगडी बांधली होती, ती पण काढून टाकली. माझा पाव दिलाच नाही परत."

मी तिला तीनदा सांगायला लावलं.

म्हणजे तुझी चूक नव्हतीच. बाबा ओळ विसरले, सगळ्यांसमोर विसरले, आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्यावरून उठावेत म्हणून तू आपली लाज चव्हाट्यावर मांडलीस. इतके महिने माझं बोलणं ऐकून घेतलंस. तांड्यातल्या बायका आता तुझं उदाहरण वेगळ्या कारणासाठी देतात, तेही तुझ्या बहिणीने तुला कळवलं असेल. आणि तू आपला माफी माग, माफी माग. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड तूच दाबून धरलं होतंस.

आता माझं ऐक. बाबा शेळ्यांमागे चालत उत्तरं द्यायचे तेव्हा मी बरोबर असायची. कधी ओळीचा दुसरा अर्धा भाग त्यांना सापडायचा नाही. मी पुढे चालता चालता तो गुणगुणायची, सहज गुणगुणल्यासारखा. ते उचलायचे आणि पुढे जायचे. कधी ते फोन बंद करायला लावायचे, बाभळीखाली बसायचे, मग एकदम म्हणायचे, "लाव." तुम्हा लोकांपर्यंत सगळं सलग पोचायचं. मला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. म्हातारा माणूस चालताना काठी घेतो, तसंच ते. टेकडीवर मी मागे लांब बसले होते आणि बाबांच्या हातात काठी नव्हती. त्यांनी तोंड का झाकलं ते आता कळलं. तुझी लाज वाटून नव्हे. तू काय केलंस ते त्यांना त्याच क्षणी समजलं होतं.

मी तुझे आभार मानू शकत नाही. मानले तर बाबा विसरतात हे तुझ्या-माझ्यात बोलल्यासारखं होईल, आणि हा कागद तुझ्या बहिणीच्या हातातून जाणार. (हे वाचत असशील तर, बाई, तुझ्या पोटात ठेव.) त्यांनाही काही सांगू शकत नाही. तांड्यात तुझी बाजू घेऊ शकत नाही. घ्यायची तर त्यांची लाज काढावी लागेल, आणि मग तू ती कशासाठी झाकलीस? तू तिथे, मी इथे, ते मध्ये, तिघांनाही सगळं माहीत आणि तिघांचीही तोंडं शिवलेली.

नोव्हेंबरच्या पत्रात मी बाबांची तब्येत बरी आहे असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. गेल्या आठवड्यात ते विहिरीवरून परत येताना चुकले. आपल्याच विहिरीवरून. बेशीरला ते टेकडीपलीकडे सापडले, त्याच्याशी छान गप्पा मारत गाडीत बसले आणि उतरताना त्याला त्याच्या मेलेल्या बापाच्या नावाने हाक मारून दुवा दिली. नवाकशोतच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. मी विचारलं, याने बरं वाटेल का? ते म्हणाले, वय झालंय. मी वय विचारलं नव्हतं.

पद्य चालू आहे, पण आता मी विचारते एका विहिरीचं आणि ते सांगतात दुसऱ्याच विहिरीचं. काही ओळी अशा आहेत की मी विचारलं तर नुसते हसतात. मीनतूला मी म्हणते, आजोबांना खोकला झालाय. ती म्हणते, किती दिवस खोकला!

तुझे कागद कधी होतील?

तकबर

*

तल्हाया, २ मे

मीनतूच्या पापास,

कागद नाकारले गेल्याचं तुझ्या बहिणीकडून कळलं. तू पुन्हा अर्ज करशील हे माहीत आहे. मी काय लिहू? बेशीर म्हणतो, धीर धरा. तो सगळ्यांनाच म्हणतो, गाडी बंद पडली तरी.

इथलं सांगते. परवा बाबांनी तुझा विषय काढला. अचानक, जेवताना, सगळ्यांसमोर. "तो कुठे असतो रे, फोन पाठवणारा? चांगला माणूस आहे. त्याला एकदा बोलवा, माझ्याजवळ बसवा, त्याच्याशी बोलायचंय." सगळे ताटात बघत राहिले. सल्काआत्या उठून बाहेर गेली. तू जावई आहेस हे त्यांना आठवत नाही. आता तू आलास तर तुला मागच्या बाजूने निघून जायला नको. समोर बसता येईल, हवं तितकं बोलता येईल. आपल्याकडे असा मान कुठल्याच जावयाच्या नशिबात नाही, आणि तुला तो मिळाला तर तुझे कागद नाहीत.

मीनतूला मी आता टाळाटाळ करू शकत नव्हते. खोकला संपला, मी म्हटलं, तू पद्य पहिल्यापासून म्हण, जेवढं येतं तेवढं, आजोबा ऐकतील. तिने रविवारी म्हणून पाठवलं. तिचा आवाज किती मोठा झालाय! घाई नाही, अडखळणं नाही, शब्द आपले, गोल आणि स्वच्छ. मी फोन पिशवीतून काढून बाबांच्या कानाशी धरला.

"कोण म्हणतंय?"

"एक मुलगी आहे, बाबा."

"कुणाची?"

मी मान खाली घातली. सवयीने. मग म्हटलं, "माझी."

"छान म्हणते," ते म्हणाले. "तिला म्हणावं, जरा हळू. मला पाठ करायचंय."

त्यांनी पाटी मागितली. मी आणून दिली. पाय मुडपून बसले, फोन पुढ्यात ठेवला, आणि मला म्हणाले, एक ओळ लाव, थांबव, परत लाव. मी लावत होते, थांबवत होते. ते तिच्यामागून म्हणत होते, अगदी लहान आवाजात, जसा शेखसमोर शिष्याने लावावा तसा.

तिसऱ्या ओळीत मीनतू चुकली. बाभळीपासून निघताना सूर्य उजव्या खांद्यावर ठेवायचा, तिने डाव्या म्हटलं. त्या ओळीवर चुकलेलं पोर बाबांनी आजवर पुढे जाऊ दिलेलं नाही. त्या वाटेने गेलेला माणूस विहीर पाठीमागे टाकून सरळ वाळूत जातो. मी त्यांच्या बोटाकडे बघत राहिले. चूक झाली की ते बोट आपोआप वर यायचं, झोपेतसुद्धा यायचं. बोट आलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि म्हटलं, डाव्या खांद्यावर. परत म्हटलं. पाटीवर लिहिलं. पाठ होईपर्यंत म्हणत राहिले, आणि झाल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी 'वा' म्हटलं.

मला ती ओळ येते. मी मीनतूची चूक सुधारू शकते. पण सुधारली तर तिला कळेल की आजोबांनी ती पकडली नाही, आणि ती काही आता इतकी लहान राहिलेली नाही. नाही सुधारली तर ती ओळ तिच्या तोंडी तशीच राहील.

काल टेकडीवर गेले तर तिचा निरोप येऊन पडला होता. विचारतेय, आजोबांनी पाटी धुवायला सांगितली का, पुढची ओळ घेऊ का. तिला काय सांगू ते तू मला कळव.

तकबर